किरकिर आणि खरखर

कानसेनांची आणि माझी ओळख तेलामुळे झाली.

आईची जुनी गाडी मी चालवायला घेतली होती. आठवडाभरात ब्रेक दाबला की पुढच्या चाकातून आवाज येऊ लागला. मला वाटलं, वाजतंय म्हणजे कोरडं पडलंय. शिलाई मशीनच्या तेलाची बुधली आणली आणि दोन्ही चाकांत आतपर्यंत पिचकारी मारली. आवाज बंद झाला. मला स्वतःचं कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी चौकात गाडी थांबायची तिथे थांबली नाही. सिग्नलच्या खांबाला टेकून थांबली.

मी ज्या छापखान्यात मुद्रितं तपासते त्याच्या शेजारी एक पत्र्याची शेड आहे. गाडी ढकलत तिथे नेली. जाड भिंगांचा चष्मा लावलेला एक बुटका माणूस बाहेर आला. चाकाशी वाकला. वास घेतला.

"तेल कुणी घातलं?"

"मी."

"शिक्षण?"

"एमए. साहित्य."

"तरीच. अडाणी माणसाला ब्रेकची भीती वाटते. तो तेल घालत नाही."

त्या दिवसापासून मी 'एमए' झाले. त्यांना सगळा रस्ता कानसेन म्हणायचा. गाता येत नव्हतं, पण ऐकता यायचं.

"आवाज कसा होता?" त्यांनी विचारलं.

"घासल्यासारखा."

"घासणं शंभर तऱ्हेचं असतं. साहित्य शिकलीस ना? शब्द सांग."

मला सांगता आला नाही. मग त्यांनीच सांगितलं. एक तळवा उभा धरला, ती चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी, म्हणजे डिस्क. दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी तो तळवा चिमटीत पकडला, ती पॅडं.

"किरकिर म्हणजे धूळ, नाहीतर रात्रीच्या ओलीने चढलेला गंज. सकाळी दोनतीनदा ब्रेक मारला की जाते. तिच्यासाठी चाक खोलायचं नाही. चिरचिर म्हणजे पॅड संपत आलंय आणि त्याच्यावरची पत्र्याची जीभ ओरडतेय. आठवड्यात ये. खडखड म्हणजे मध्ये खडा अडकलाय, ब्रेक न दाबताही वाजत राहतो. आणि खरखर..."

ते थांबले.

"खरखर म्हणजे पॅड उरलंच नाही. लोखंडावर लोखंड. गाडी तिथल्या तिथे बाजूला घ्यायची. घरापर्यंत नेतो, फाट्यापर्यंत नेतो, असलं काही नाही. रेडिओ मोठा करायचा नाही. आणि तेल..." चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तेलाचं तुला कळलंच."

अनुकरणवाचक शब्दांवर मी परीक्षेत दहा गुणांचं उत्तर लिहिलं होतं. नऊ मिळाले होते. पण हे शब्द मी नुसते वाचले होते. हा माणूस त्यांच्यावरून चाक खोलत होता किंवा खोलत नव्हता. मला त्यांचा हेवा वाटला. या गोष्टीतला तो सगळ्यांत लहान हेवा.

कानसेन आधी बसडेपोत होते. बावीस वर्षं. संध्याकाळी फाटकाशी स्टूल टाकून बसायचे. आत वळणाऱ्या बसचा ब्रेक ऐकायचे. एखादा आवाज पटला नाही की उठायचे आणि बसच्या दारावर खडूने फुली मारायचे. फुली मारलेली बस सकाळी बाहेर पडायची नाही. साहेबालाही ती पुसता येत नसे. डेपो गावाबाहेर गेला, नव्या बसांना नवी माणसं आली, आणि कानसेनांनी शेड टाकली. पण शर्टाच्या खिशात खडूचा तुकडा राहिलाच. धुण्यात कितीदा तरी विरघळला. काकू खिसा चाचपायला विसरल्या की सगळे कपडे पांढरे.

काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. शाळेची प्रयोगशाळा सांभाळतात. बोलणं मोजून. "यांना सगळ्या जगाची चाकं ऐकू येतात," त्या म्हणायच्या, "फक्त स्वतःचं तोंड ऐकू येत नाही."

तोंड सुटायचं ते साडूवरून.

काकूंच्या धाकट्या बहिणीचा नवरा फरशा आणि नळ विकतो. मोठं काचेचं दुकान आहे. कानसेन त्याला पाठीमागे 'शोरूम' म्हणायचे. "काल शोरूम आलं होतं," असं. शोरूमची पहिली गाडी आली तेव्हा कानसेन म्हणाले, पेट्रोल पिऊन घर बुडवेल. दुसरी आली तेव्हा म्हणाले, रंग दोन वर्षं टिकला तर मिशी काढीन. रंग टिकला. मिशीही राहिली. तिसरी आली तेव्हा मी ओळखीची झाले होते. दुपारी ते छापखान्याच्या खिडकीशी आले.

"एमए, खिडकीची काच बटणावर वर जाते म्हणे. हाताला काय लकवा झालाय का?"

"चांगली असेल की हो."

"दार लावलं की आवाज कसा येतो माहितीये? बिस्किटाचा डबा!"

मी नंतर ते दार लावून बघितलं. आवाज आलाच नाही. इतकं ते मऊ लागलं.

शोरूमच्या तिन्ही गाड्यांचे नंबर कानसेनांना तोंडपाठ होते. स्वतःच्या डबडागाडीचा नंबर विचारला की खिशातला कागद काढायचे. साडूकडे जाताना ते ती गाडी अलीकडच्या गल्लीत लावत आणि पुढे चालत जात. काकू साडी सावरत मागून. एकदा मी विचारलं, "का?" ते म्हणाले, "पाय मोकळे होतात." काकूंनी माझ्याकडे बघितलं.

घरात या सगळ्याला एक शब्द होता. किरकिर. "झाली यांची किरकिर सुरू." काकू म्हणायच्या, मेहुणी म्हणायची, साडू हसत हसत म्हणायचा. म्हणजे धूळ. ब्रेक दोनदा दाबला की जाते. तिच्यासाठी कुणी चाक खोलत नाही.

त्या रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले ते मुद्रित घेऊन. शेडवर लावायला त्यांना पाटी छापून हवी होती. 'ब्रेक वाजला तर काय करावं.' खाली त्यांचे चार शब्द आणि प्रत्येकापुढे एक ओळ. खरखरीपुढे त्यांनी लिहिलं होतं : आहात तिथे थांबा. मी 'आहात तिथेच' सुचवलं होतं. त्या 'च'वर आमचा वाद चालला होता. ते ओसरीच्या पायरीवर चहाचा कप घेऊन बसले होते. काकू आत पिशवी भरत होत्या. घाटापलीकडच्या गावी त्यांच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. दोघी बहिणी शोरूमच्या गाडीतून तिला बघायला निघणार होत्या. तास दीडतासाचा घाट. जाताना चढ, मग पलीकडे सगळा उतार.

गाडी कोपऱ्यावर वळली. पांढरी, धुतलेली. फाटकाशी आली आणि थांबली.

कानसेनांचा कप ओठांपाशी अडकला.

"ऐकलंस?" ते हळू म्हणाले.

मी खडीवर टायर ऐकले. बाकी काही नाही.

साडू उतरला. गोरा, हसरा, गॉगल कपाळावर. मागच्या सीटवरून मेहुणीने हात केला.

"काय साडूभाऊ, रविवारी तरी दाढी करा!"

"गाडी पुढे नेऊ नका," कानसेन म्हणाले. "डावं पुढचं चाक. खरखर करतंय."

साडूने आभाळाकडे बघितलं. "सुरू झालं."

"थट्टा नाही. लोखंडावर लोखंड आहे."

"अहो, परवाच मी स्वतः टॉर्च मारून बघितलं. चाकाच्या फटीतून दिसतं की. पॅड नवं कोरं. एवढं जाड!" त्याने बोटाचं पेर दाखवलं.

"ते बाहेरचं. आतलं दिसत नाही."

"म्हणजे जे दिसत नाही तेच नेमकं खराब?"

मेहुणीने काच खाली केली. बटणावर. "भाऊजी, खरं सांगा, आमची कुठली गाडी तुम्हाला आवडली? एक सांगा."

काकू पिशवी घेऊन बाहेर आल्या. "अहो, निघताना किरकिर नको."

"किरकिर नाही गं. खरखर आहे." त्यांचा आवाज चढला. हात आपोआप खिशात गेला. खडू घेऊन ते गाडीकडे निघाले.

"ओ ओ! रंगाला हात नाही लावायचा!" साडू आडवा आला.

कानसेन हातात खडू धरून उभे राहिले. बावीस वर्षं ज्या फुलीपुढे बस थांबत होती ती मारायला आता जागा नव्हती. ते माझ्याकडे वळले.

"एमए, तू सांग. तू ऐकलंस ना?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. हो म्हणायला काय जात होतं? पण मला ऐकू आलं नव्हतं. आणि खरं तर मलाही त्या क्षणी वाटलं, की हे शोरूमचं दार आणि बिस्किटाचा डबाच आहे.

"मला नाही ऐकू आलं, काका," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. रागाने नाही. हिशेब कळल्यासारखी. काकू गाडीचं दार उघडून एक पाय आत टाकत होत्या.

कानसेनांनी खडू खिशात ठेवला. दुसऱ्या हातातला कप कठड्यावर ठेवला.

"साडूभाऊ," ते म्हणाले, "मला तुमचा हेवा वाटतो."

साडूचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं.

"पहिल्या गाडीपासून वाटतो. पहिली गाडी आली तेव्हा तुम्ही जेवायला बोलावलं होतं. मी पोट दुखतंय म्हणून आलो नाही. आठवतं? पोट दुखत नव्हतं."

"दुखतच होतं म्हणा की," साडू म्हणाला. हसण्यावारी न्यायला गेला, पण जमलं नाही.

"दुखत होतं. तुम्ही गाडी घेतली म्हणून नाही. मी असताना मला न विचारता घेतली म्हणून. घरात ब्रेकचा माणूस आहे आणि तुम्ही गाडीला हार घालून घेऊन आलात, आणि मला म्हणालात, बसा. गिऱ्हाइकासारखं. तेव्हापासून जळतो. तिन्ही गाड्यांवर जळतो. तुमच्या गाडीत कुठं खोट नव्हती. मी शोधत होतो."

काकूंचा पाय गाडीत होता तो बाहेर आला.

मी आयुष्यात एवढं वाचलं. हेव्याने पेटलेली माणसं वाचली, विष घालणारी, घरं मोडणारी. उजेडात, चार माणसांसमोर, कप खाली ठेवून कुणी असं म्हटलेलं मी वाचलं नव्हतं.

"ही गाडी तर..." त्यांनी तिच्याकडे बघितलं. खरंच बघितलं, बहुतेक पहिल्यांदा. "ही फार देखणी आहे. मला एक चक्कर मारू द्या. एकदा. पाच मिनिटं."

साडूचा चेहरा उजळत गेला. एवढ्या वर्षांत या माणसाकडून त्याला हवं होतं ते हेच असावं. त्याने किल्ली काढली, हवेत उडवली, झेलली आणि कानसेनांच्या तळव्यावर ठेवली.

"पाच काय, दहा मिनिटं घ्या! ए, उतर गं, भाऊजींना चक्कर मारायचीये. आरसा नीट करून घ्या. सीट मागेपुढे होते, बटण डाव्या..."

"सापडेल," कानसेन म्हणाले.

गाडी निघाली. फार हळू. कोपऱ्यावर वळली आणि दिसेनाशी झाली.

दहा मिनिटं झाली. साडू पायरीवर बसून मला सांगत होता, की माणूस मनाने सोन्यासारखा आहे, फक्त तोंड. वीस मिनिटं झाली. त्याने घड्याळ बघितलं. "रमले वाटतं." मग काकूंचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, एवढंच म्हणाल्या, "येतो," आणि फोन ठेवला.

"शेडवर बोलावलंय. सगळ्यांना."

साडू ताडकन उठला आणि पुढे धावत सुटला. मेहुणी त्याच्यामागे. काकू आणि मी मागून चाललो. शेड फार लांब नाही. काकू रस्त्याकडे बघत होत्या.

"एमए," त्या म्हणाल्या. मला त्या कधी तसं म्हणत नसत. "धाकटीच्या घरी गेलं की मी तिच्या कपाटाला हात लावून बघते. ती आत गेली की. सरकतं दार आहे. नुसतं बोट लावलं की सरकतं."

त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"मला वाटायचं, या घरात मी एकटीच जळते. यांचं आपलं गाड्यांचं चाललंय. यांना काय कळणार, म्हणून मी यांनाच गप्प करत राहिले."

शेडमध्ये पांढरी गाडी जॅकवर होती. डावं पुढचं चाक काढून भिंतीला टेकवलेलं. खाली गोणपाटावर दोन पॅडं ठेवली होती, शेजारी शेजारी. एक जाड, साडूने दाखवलं होतं तेवढं. दुसरं नुसता लोखंडी पत्रा. त्याच्यावर गादी नखाएवढीही नव्हती. डिस्कच्या आतल्या बाजूला चर पडले होते. मी बोट लावलं. नांगरल्यासारखे.

"पॅडांचा चिमटा सरकतो ती पिन गंजून अडकली," कानसेन म्हणाले. "त्यामुळे एकटं आतलंच घासत राहिलं. बाहेरचं बसून. टॉर्च मारली की बाहेरचं दिसतं. येताना मी पायाचा ब्रेक दाबलाच नाही. पहिल्या गियरमध्ये, हँडब्रेकवर आणली. दोन्ही बाजूंची पॅडं आणि डिस्क लागतील. एका बाजूचं बदलून चालत नाही, गाडी एकीकडे ओढते. आज मिळणार नाहीत."

मेहुणीने पत्रा हातात घेतला, बघितला, खाली ठेवला. काकूंच्या दंडाला धरून उभी राहिली. पलीकडचा उतार दोघींनाही माहीत होता.

साडू मात्र गाडीकडे बघत नव्हता. तो कानसेनांकडे बघत होता. चेहरा लाल.

"म्हणजे ते सगळं किल्लीसाठी होतं," तो म्हणाला. "हेवाबिवा. नाटक. मला चढवलंत आणि किल्ली काढून घेतलीत."



हो म्हणायला आता तर काहीच जात नव्हतं. उलट मिळत होतं. खरखर खरी ठरली होती. कानाचा मान राहिला होता. एक 'हो' म्हटलं की सकाळचं सगळं पुसलं गेलं असतं, साडू वेडा ठरला असता आणि कानसेन हुशार. मला मनातून वाटत होतं, म्हणा हो. काकू त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या.

कानसेनांनी फडक्याने हात पुसले. एकेक बोट.

"किल्लीसाठी बोललो, हे खरं," ते म्हणाले. "बोललो तेही खरं."

साडू टायरच्या चळतीवर बसला. गॉगल कपाळावरून काढला आणि हातात फिरवत राहिला.

"विचारलं असतं," तो म्हणाला, "तर तुम्ही घेऊ नको म्हणाला असता."

"म्हणालो असतो."

"मग?"

"मग तुम्ही तरीही घेतली असती. पण विचारलं असतं."

मेहुणी फिसकन हसली. मग काकू. साडूला हसायचं नव्हतं, तोही हसला. कानसेन हसले नाहीत. ते गोणपाट उचलत होते.

आई वाट बघत होती, म्हणून जायचं तर होतंच. कानसेनांची डबडागाडी शेडच्या मागे उभी होती. दोघी बहिणी मागे बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन. साडू पुढे बसला. दार तीनदा आपटावं लागलं. आवाज बिस्किटाच्या डब्याचा आला. शेडची किल्ली माझ्याकडे देऊन कानसेन म्हणाले, "तो 'च' राहू दे. आहात तिथेच थांबा."

गाडी मागे घेऊन ते रस्त्यावर आले. सायकलवाला आडवा गेला म्हणून ब्रेक दाबला. साडूने कान टवकारले. खिडकीची काच त्याने हाताने, मूठ फिरवून, खाली केली आणि डोकं बाहेर काढलं.

"साडूभाऊ, काहीतरी वाजतंय."

"काय वाजतंय?"

साडूने उत्तर द्यायला वेळ घेतला. मला त्याचं तोंड दिसत होतं. शब्द शोधणाऱ्या माणसाचं तोंड मी रोज आरशात बघते.

"परत दाबा," तो म्हणाला.

कानसेनांनी परत दाबला.

"किरकिर आहे," साडू म्हणाला. "किरकिरच."

"नक्की?"

"नक्की."

"मग चला," कानसेन म्हणाले, आणि गाडी घाटाच्या रस्त्याला लागली. मी शेडच्या दारात उभी राहून ऐकत राहिले. मला अजूनही फक्त टायर ऐकू येत होते.